खोबरेल तेलातली वीस काडतुसं

चहा घ्या, पण कप आधी खाली ठेवा. मी एकदा काय दिवे लावले ते ऐकताना अंगावर सांडाल, आणि मग बोलणी मलाच बसतील.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये, ट्रॉयला. आसपासची मराठी मंडळी म्हणजे कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर. मी आपला मोटारींचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, लेथवर. शिक्षण बेताचं, पण खोड्या काढण्यात पीएचडी!

शेजारच्या मशीनवर वॉल्ट होता. सव्वासहा फूट उंच, लाल दाढी आणि मनानं लोणी. या लोण्याला मी काय काय छळलं म्हणून विचारा! लिंबाचं लोणचं 'इंडियन जॅम' म्हणून ब्रेडवर जाड थापून खाऊ घातलं. हातमोज्यांत भिजवलेला साबुदाणा भरून ठेवला. बिचारा आधी किंचाळायचा, मग स्वतःच हसायचा.

आणि हाच वॉल्ट, माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात, रोज सकाळी येऊन आमच्या दारातला बर्फ उपसून जायचा. कुणी सांगितलं नव्हतं हो! मग मला वाटलं, बाळू, या माणसासाठी आयुष्यात एकदा तरी काहीतरी सरळ मनानं कर.

वॉल्टला शिकारीचा नाद. काडतुसंसुद्धा घरीच भरायचा. म्हणजे कसं, एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकायची नाही, तीच पुन्हा भरायची. बुडाशी टिकली, आत दारू, तोंडाला गोळी. दिवाळीतल्या टिकल्या आठवतात ना? तसंच. बंदुकीचा घोडा पडला की टिकली फुटते आणि दारू पेट घेते. त्यानं नवीन यंत्र घेतलं तेव्हा जुनं हातयंत्र मला देऊन टाकलं. सोबत सामान दिलं, पुस्तक दिलं, दोन रविवार बसून शिकवलंही. मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

उत्तरेच्या जंगलात हरणाचा एक भल्याथोरल्या शिंगांचा नर होता. वॉल्ट चार वर्षं त्याच्या मागे. नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम उघडणार, तेव्हा मी ठरवलं की त्या हरणासाठी वीस काडतुसं आपल्या हातची द्यायची!

पुंगळ्या वॉल्टनंच शिकवणीसाठी दिलेल्या होत्या. त्या मी चिंच लावून घासल्या, देव्हाऱ्यातल्या समईबरोबर. काय झळाळल्या म्हणता! मग मुलीला पुस्तक घेऊन बसवलं, कारण इंग्रजी छापील ओळ दिसली की मला झोप येते.

"मिनू, वाच गं पुढे."

"यंत्रात अडकू नये म्हणून पुंगळीला बाहेरून तेल लावायचं. लाइटली, बाबा! अँड देन वाइप इट ऑफ."

"लाइटली म्हणजे किती?"

"अगदी थोडं. आय हॅव होमवर्क, बाबा." आणि पळाली.

सामानात तेलाची डबी होती, कुंकवाच्या करंड्याएवढी. मला तो सगळा कंजूषपणा वाटला. अहो, लेथवर मी जन्मभर तेल ओतत आलो! आणि तेल लावायचं तर नरकचतुर्दशीसारखं लावावं की नाही? बायकोची खोबरेलाची बाटली गरम पाण्यात उभी केली, तेल पातळ झालं, आणि वीसच्या वीस पुंगळ्यांना आतून-बाहेरून अभ्यंग घातलं. पुसणं वगैरे विसराच. त्याच हातांनी टिकल्या बसवल्या. दारू मात्र वॉल्टनं शिकवल्याप्रमाणे तराजूवर तोलून भरली, मी काही अगदीच बेजबाबदार नाही! शेवटी चकाकी टिकावी म्हणून वरून आणखी एक तेलाचा हात.

मिठाईच्या खोक्यात घालून नेऊन दिली. वॉल्टनं खोकं हात लांब करून धरलं.

"बॉलू, यातून काय उडी मारणार आहे?"

"काही नाही रे, देवाशपथ!"

त्यानं उघडलं. हुंगलं. "नारळ?"

"आमच्याकडे शुभ असतो."

मला इतकं घट्ट धरलं त्यानं की ऑपरेशनचे टाके आठवले.

हंगाम उघडला. सोमवारी वॉल्ट कामावर आला तो माझ्याकडे न बघता. जेवणाच्या सुट्टीत मीच गाठला.

"दिसला का?"

"दिसला. तीस पावलांवर. आडवा उभा."

"मग?"

"क्लिक."

"म्हणजे?"

"थांबलो. काडतूस बदललं. क्लिक. परत बदललं. क्लिक. चौथ्या क्लिकला त्यानं माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि गवत खायला लागला. बॉलू, चार वर्षं!"

"वॉल्ट, देवाशपथ, मुद्दाम नाही केलं!"

"जॅमच्या वेळीही देवाचीच शपथ होती."

"अरे, चूक झाली!"

"वीसच्या वीस? उरलेलीही उडवून पाहिली मी. इतकं नेमकं कुणी चुकत नाही." आणि डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

आता बोला! जन्मात एकदा मन साफ ठेवून काही केलं, तर त्याचीच खोडी ठरली. आठवड्यात कळलं की वॉल्टनं शिफ्ट बदलून मागितलीय. मी त्याला पार्किंगमध्ये आडवा गेलो.

"एकदा घरी ये. जसं केलं तसं तुझ्यासमोर करतो. मग तूच ठरव, मी लबाड आहे की गाढव."

"लबाड निघालास तर?"

"तर यंत्र परत ने आणि माझं तोंड बघू नकोस."

आला. बेसमेंटमध्ये हाताची घडी घालून उभा राहिला. अहो, हुशार असल्याचं सोंग मी कितीदा केलंय, पण गाढव असल्याचा पुरावा द्यायची ही पहिलीच वेळ!

तेल गरम केलं. वॉल्टची एक भुवई वर. पुंगळी बुडवली, बोट घालून आतून चोळली. दुसरी भुवई वर. निथळत्या बोटांनी टिकली उचलली, तेव्हा घडी सुटली.

"थांब! असंच केलंस?"

"असंच."

"तेल पुसलं नाहीस?"

"लावलेलं तेल कोण पुसतं?"

"अरे, टिकलीला तेल लागलं की ती मरते! तू त्यांना बुडवून मारलंस!" आणि तो मटकन जिन्यावर बसला. दाढी थरथरायला लागली. मला वाटलं, रडतो की काय! हसत होता. डोळे पुसत म्हणाला, "नाही, बॉलू. हे नाटक नाही. ठरवून इतका मूर्खपणा कुणालाच जमणार नाही."

काय आनंद झाला म्हणून सांगू! त्याला हाताला धरून वर स्वयंपाकघरात ओढत नेलं. बायको पोळ्या लाटत होती.

"अगं ऐकलंस का? सिद्ध झालं! मी लबाड नाही, मी मूर्ख आहे! वॉल्टला पटलं!"

तिनं तव्यावरची पोळी उलटली. "त्यासाठी त्याला बेसमेंटमध्ये कशाला नेलंत? माझ्याकडे आला असता तर दारातच सांगितलं असतं."