दुसऱ्या बाळंतपणात सुटतंय म्हणे

पहिलं बाळंतपण माहेरी, शिराळ्याला झालं आणि तीनेक महिन्यांनी मी लेकीला घेऊन वडूजकडं सासरी आले. घेऊन आले हे आपलं म्हणायला. लेक माझ्या आईच्या हातात होती. दारात सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायला उभ्या, शेजारच्या दोघीतिघी बाळ बघायला उभ्या, आणि बाळंतीण आपली मोकळ्या हातानं गाडीतून उतरतेय. उतरतेय तरी कशी, आधी एक पाय खाली, मग गाडीच्या दाराला धरून दुसरा.

"लेकरू तुज्याजवळ का न्हाई गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आवं, हात भरून आल्यात तिचं," आई घाईघाईनं म्हणाली. "परवासानं."

प्रवासानं! शिराळ्यापासून नुसतं बसून आलेल्या बाईचे हात कशानं भरून येतील? एरवी मला हसू फुटलं असतं. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, बाजूला टाकला, आणि माझा हात हातात घेऊन बोटं दाबून बघितली. मी ओरडले. शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. सासूबाई मात्र माझ्या आईकडं बघत होत्या, आणि त्या काय म्हणणार हे आईला आणि मला दोघींनाही ठाऊक होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. सुनेला काही धरलं तर ते माहेरात धरलं.

"इहीणबाई, वारं लागू दिलं तुमी पोरीला," त्या म्हणाल्या.

आता आमच्या आईनं वारं म्हणजे काय ते मला दिसूसुद्धा दिलं नव्हतं. डोक्याला रुमाल, कानात कापूस, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, त्यावर ओवा आणि शेपा. धुरानं मी खोकून खोकून अर्धी व्हायची. खिडकीच्या फटीत तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. आणि वारं म्हणाल तर सासरच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत, दिवसभर गरागरा फिरत असतात. एवढं वारं ज्या गावात, त्या गावचं मला कधी लागलं नाही, आणि शिराळ्याच्या कोंडलेल्या खोलीतलं तेवढं नेमकं लागलं! हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हणायची सोय नव्हती. आई बिचारी खाली मान घालून उभी होती, आणि तिची ती मान बघून मला हातापेक्षा जास्त दुखलं.

सुरुवात झाली ती शिराळ्यालाच, लेक दीड महिन्याची असताना. एका सकाळी जाग आली ती लेकीच्या रडण्यानं, आणि तिला घ्यायला गेले तर मूठच मिटेना. बोटं सुजलेली, ताठ, दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी. गुडघे वाकेनात. ऊन वर आल्यावर जरा हलायला लागले. मला वाटलं, अंगावर पाजताना अवघडून झोपले असेन. पण दुसऱ्या दिवशीही तेच, आणि मग रोजच. लेकीच्या झबल्याची नाडी बांधता येईना. लंगोट पिळता येईना. तिला उचलायचं तर बोटं नाहीतच म्हणून समजायचं आणि कोपरापर्यंतचे दोन्ही हात तिच्याखाली सरकवायचे, मोळी उचलतात तसं. एकदा अशीच ती माझ्या हातातून घसरली. गादीवरच पडली, काही झालं नाही. पण त्यानंतर आई तिला माझ्या हातात देईना आणि मीही मागेना.

आईनं काय केलं, तर शेगडी वाढवली. दुखणं वाढलं की निखारे वाढायचे. निर्गुडीचा पाला उकळून शेकायची, तेल चोळायची, आणि सुजलेल्या सांध्यांवर तिचा अंगठा फिरला की मी आईच्याच नावानं बोंब मारायची. "सोस जरा," ती म्हणायची, "हितनं निघतंया बघ ते." काही निघत नव्हतं.

सासरी आल्यावर सगळं सासूबाईंनी अंगावर घेतलं. त्यांचं बोलणं तिखट, पण काम सोडून त्या कधी बोलल्या नाहीत, आणि मला ओट्यापाशी उभंही राहू दिलं नाही. मी भाकरी थापायला बसले की पीठ काढून घ्यायच्या. लेकीची अंघोळ त्यांनी घालायची, टिकली त्यांनी लावायची, रडली की त्यांनी घ्यायचं. माझ्याकडं ती फक्त दूध प्यायला यायची, तेही मी आडवी झाल्यावर त्यांनी आणून कुशीत ठेवायची. मग रांगायला लागली आणि हात वर करून "घे" करायला शिकली. सासूबाईंना करायची. कामाला येणाऱ्या बाईलाही करायची. मला एकदोनदा केलं, मी खाली वाकेपर्यंत तिचे हात दुखून आले असतील, तिनं सोडून दिलं. मला सासूबाईंचा राग यायचा. ज्या बाईनं माझं सगळं केलं तिचाच राग, आणि तो मी गिळायची, कारण बोलायचं कुठल्या तोंडानं?

नवरा फौजेत. तिकडून व्हिडिओ कॉल करायचा. "सकाळी उठून पीटी कर," म्हणायचा. "अंग मोकळं होतं." मी म्हटलं, "आधी फोन धरायला एक माणूस पाठवून दे, मग पीटीचं बघू." तो हसला. मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर उशीत तोंड खुपसून रडले.

तो सुट्टीवर आला आणि एकदाचा मला मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हाताचे फोटो काढले आणि सांगितलं की हा संधिवात आहे, वाऱ्याचा आणि याचा काही संबंध नाही. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं म्हणे, आणि कुणाकुणाचं बाळंतपणानंतरच उलटतं. कुणाची चूक नाही. "लवकर यायला हवं होतं," एवढं मात्र म्हणाले. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. पण ती घेताना बाळाला पाजायचं नाही.

म्हणजे एवढं एक माझ्याकडं होतं, तेही गेलं. लेकीनं दूध सोडायला फार त्रास दिला नाही. बाटली सासूबाईंच्या हातात होती, तिला ते हात ओळखीचे होते.

मी घरी येऊन आईला फोन केला. "आई, कुणाची चूक नाही म्हणाले डॉक्टर. वारं नाही, काही नाही."

"त्येंला काय म्हाईत," आई म्हणाली. "त्येंची बाळंतपणं झाल्यात व्हय?"

गोळीनं सूज जरा उतरली. दुपारपर्यंत ताठणारे हात दहा-अकरापर्यंत सुटायला लागले. पण लेकीला उचलावं एवढा जोर काही आला नाही, आणि माझे हात जेवढे सुधारायचे त्याच्यापेक्षा तिचं वजन भराभर वाढायचं.

त्या काळात घरी येणारी प्रत्येक बाई मला एकच सांगून जायची. पहिल्या बाळंतपणात धरलेलं दुसऱ्या बाळंतपणात सुटतंय. फक्त ते नीट झालं पाहिजे. माझ्या मावससासूचं म्हणे कंबरडं असंच सुटलं होतं. सासूबाईंना हे पटत होतं, आणि आईला तर त्याच्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. एकदा मिरजेला ती माझ्याबरोबर आली आणि तिनं सरळ डॉक्टरांनाच विचारलं, "दुसरं बाळ झालं तर हे जाईल का वो?"

डॉक्टर म्हणाले, "गरोदरपणात बऱ्याच बायकांना आराम पडतो, हे खरं आहे. पण बाळंतपण झालं की पुन्हा उसळतं. तेव्हा त्या आशेवर बसू नका. आणि बाळ हवं असेल तर काही महिने आधी मला सांगून गोळी बंद करावी लागेल."

बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या आईनं माझी मांडी दाबली. "बघ! डाक्टर बी त्येच म्हणतोय. आराम पडतोय म्हणला का न्हाई?"

"पुढचं ऐकलंस का?"

"पुढचं कुणी बघितलंय," आई म्हणाली. "मला एकदा नीट करू दे गं तुजं. एकदा."

मलाही तेवढंच ऐकायचं होतं.

डॉक्टरांना सांगून गोळी बंद केली. ते महिने कसे गेले ते माझं मला माहीत. जबडासुद्धा दुखायचा, घास चावता यायचा नाही. दिवस गेल्यावरही पहिले तीन महिने तसेच गेले. आणि मग एका सकाळी मी उठले, केस विंचरले, वेणी घातली, रबर लावलं आणि आरशात बघताना लक्षात आलं की हे सगळं मीच केलंय. मी मूठ मिटली. मिटली! उघडली, पुन्हा मिटली. वेड्यासारखी स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंच्या समोर मुठी धरल्या. त्या तव्यावरची भाकरी विसरल्या. भाकरी जळली, आणि त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

लेक अंगणात खेळत होती. मी जाऊन तिला उचललं. दोन्ही हातांनी, बोटांनी घट्ट धरून, पार कडेवर. ती आधी माझ्याकडं बघतच राहिली, तिला काही कळेना. मग तिनं पाय माझ्या कमरेभोवती आवळले आणि उतरायलाच तयार होईना. सासूबाई मागून ओरडत होत्या, "अगं पोटुशी बाय तू, वजन कशाला उचलतीस!" कोण ऐकतंय! पुढचे सगळे महिने मी तिला उचललं. दुकानात जाताना, हौदावर जाताना, जिथं चालत जाऊ शकली असती तिथंही. पोट पुढं आलं तशी तिला बाजूच्या कमरेवर घेतली. ती सगळ्यांना सांगत सुटली, "आईच्या पोटात बाळ हाय, म्हणून आई मला घेती." आम्ही हसायचो. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज किती दिवसांनी मोठा झाला. "मी म्हणलं नव्हतं!"

दुसरं बाळंतपण खरं तर सासरी व्हायचं. आई हट्टाला पेटली, सासूबाईंनीही या वेळी ताणलं नाही. मी लेकीला कडेवर घेऊनच शिराळ्याला गेले. मुलगा झाला. गावभर पेढे गेले. आईनं या वेळी कुठंच काही कमी ठेवलं नाही. भेटायला येणाऱ्यांना पडवीतच थांबवायची, दार उघडलं की लगेच लोटायची. गार पाण्याचा तांब्या माझ्या नजरेलासुद्धा पडू द्यायची नाही. आणि मी रोज डोळे उघडायच्या आधी पांघरुणात मूठ मिटून बघायची. मिटायची. देवाला हात जोडायची, तेही नीट जुळायचे.

मग एक दिवस नाही मिटली.

मी आईला सांगितलं नाही. बाळ उचलायचं तर ती अंघोळीला गेल्यावर, कोपरांवर घ्यायची. दोनतीन सकाळी तसं निभावलं. मग तिनं डिंकाचा लाडू माझ्या हातात दिला आणि समोर बसून राहिली. मला तो लाडू फुटेना. दोन्ही हातांनी दाबला, तरी फुटेना. आईनं माझ्या हातातून लाडू घेतला, फोडला, आणि अर्धा माझ्या तोंडाशी धरून तशीच थांबली.

"आता मी काय चुकले गं?" ती म्हणाली.

"काही नाही चुकलीस. तेव्हाही नव्हतीस चुकली. रोगच तसला आहे, आई. आता परत मिरज, परत ती गोळी. याचंही दूध तोडायचं."

"मग पोटात लेकरू असताना हात बरं कसं झालं? आँ? तवा कुठं गेला हुता रोग?"

मला एवढंच माहीत होतं की डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते तिला पुन्हा सांगायचा मला धीर झाला नाही. ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. साठीची बाई, नवरा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. तिला वाटत होतं, तिनं मला दोनदा बिघडवलं. हे आता तिच्या डोक्यातून कुणीच काढू शकणार नाही, मी तर नाहीच.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. आम्हाला दिसली नाही. ती आत आली, बाजेपाशी उभी राहिली आणि हात वर केले.

"घे."

"हात दुखतात गं राणी."

"परत?"

"हं. परत."

तिनं हात खाली घेतले नाहीत. पाळण्यात भाऊ झोपला होता, त्याच्याकडं एकदा बघितलं. मग एक हात खाली घेऊन तिनं तो माझ्या पोटावर ठेवला, आणि आपल्याला एवढं कसं सुचलं नाही अशा सुरात, अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "मग आनखी एक बाळ आण की आई हितं. मग तुला मला घेता येईल."

आईचं रडणं थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात आलं, हात चालतील ते चार-पाच महिने तर चार-पाच महिने.