बिनमिठाचं कौतुक

पुण्याहून दादा आला की अण्णांसाठी बाकरवडी आणायचा. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचं यकृत आक्रसलेलं, पोटात पाणी साठायचं, मीठ वर्ज्य. पण दादानं आणलेली बाकरवडी म्हणजे प्रसाद! आणि बसवनगुडीच्या घरात अण्णांजवळ राहून बिनमिठाची हुळी, म्हणजे कानडी आमटी, रांधणारी, रोज सकाळी काट्यावर उभं करून वजन टिपणारी मी म्हणजे जेलर. दादाच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलसाठी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पन्नाशीच्या बाईनं सख्ख्या भावावर जळणं शोभत नाही, हे कळत होतं. तरी जळत होते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "पोटातल्या पाण्यात जंतू झाले तर ताप येईलच किंवा पोट दुखेलच असं नाही. बोलण्यात फरक वाटला तरी लगेच घेऊन या."

एका शनिवारी सकाळी अण्णांनी माझा हात धरला. "तू आहेस म्हणून मी आहे गं. दादा काय, फोनपुरता. स्वल्प बस माझ्यापाशी, थोडा वेळ."

मी बसले. असं ते जन्मात बोलले नव्हते. हातात कॉफीचा पेला असताना त्यांनी पुन्हा कॉफी मागितली, तेव्हा मला हसू आलं. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, ती मी नीट लावली.

"दादाला सांगू हे?" मी मुद्दाम विचारलं.

"सांग की!"

मला आकाश ठेंगणं झालं. दुपारभर मी त्यांच्याकडून तेच तेच वदवून घेत राहिले. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "अगं, मुलं शाळेतून आली का?" आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

हॉस्पिटलात सुईनं पोटातलं पाणी काढून तपासलं. जंतूंचा संसर्ग झालाच होता.

"बोलणं कधीपासून बदललं?"

"सकाळपासून."

"मग सकाळीच का नाही आणलंत?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं.

शिरेतून औषधं सुरू झाली. दादा विमानानं आला. दोन दिवस अण्णांनी डोळे उघडले नाहीत. मी मनातल्या मनात बनशंकरी देवीला म्हटलं, बाई, सगळं कौतुक दादाला दे, पण माणूस परत दे.

तिसऱ्या दिवशी दादा खाली नाश्त्याला गेला होता. अण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तू होय? दादा कुठाय?"

मला राग आला, अगदी नेहमीचा. आणि मी धावत जाऊन नर्सला सांगितलं, "अक्का, माझे वडील पूर्ण शुद्धीवर आलेत."