मलंगगडाच्या खांद्यावरची ढोरवाट

डिसेंबरचा पहिला रविवार. बरोबर पत्नी सुनंदा, तिसरं कोणी नाही. मुंब्र्याच्या डोंगरापासून माथेरानपर्यंतची रांग आम्ही दोघं रविवारी रविवारी तुकड्यांनी चालतो आहोत. हा तिसरा टप्पा मलंगगडाच्या पायथ्यापासून बदलापूरच्या बाजूच्या एका ठाकूरवाडीपर्यंतचा, बारा किलोमीटरचा. खिशात अकराशे रुपये, दोघांत मिळून पाच लिटर पाणी.

डोंबिवलीहून रिक्षाने पायथ्याशी आलो. साडेसातला पोहे खाल्ले आणि सुनंदाने साखर उतरवणारी गोळी घेतली. तिला नऊ वर्षं मधुमेह आहे. चढ लागला, हवा गार होती, खाली उल्हास नदीच्या अंगाला धुकं पसरलं होतं. दहाच्या सुमारास पाणी प्यायला टेकलो आणि माकडांनी जेवणाची पिशवीच उचलून नेली. उरली सहा बिस्किटं आणि ग्लुकोजची एक पुडी.

सुनंदा म्हणाली, परत फिरू या. मी घड्याळ पाहिलं. मागे दीड तास, पुढे तीन. एकला वाडीत पोचू, तिची जेवायची वेळ दीडची. हिशेब बसत होता, म्हणून पुढे निघालो.

खिंडीच्या अलीकडे दोन वाटा फुटल्या. उजवी गवतात बुडालेली, डावी रुंद आणि स्वच्छ. मी रुंद घेतली. ती डोंगराच्या कुशीने आडवी जात राहिली, तिला आणखी फाटे फुटले, आणि एक तास दहा मिनिटांनी ती कारवीच्या झाडोऱ्यात संपली. फोनला रेंज नव्हती.

सुनंदा बोलेनाशी झाली होती. गार वाऱ्यात तिला घाम फुटला होता, हातात सहातलं शेवटचं बिस्किट होतं. साखर तपासायचं यंत्र जवळ होतं. त्यावर आकडा आला अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली धोका, हे मला पाठ आहे. पुडी पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा शहात्तर झाला. पण यानंतर पोटात जेवण जायला हवं, नाहीतर साखर पुन्हा उतरते, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. आणि जेवण नव्हतं.

"मी चौसष्ट किलो आहे," ती हळूच म्हणाली. "उचलून न्यायची वेळ आली तर हिशेबाला उपयोगी पडेल."

मला हसू आलं नाही. मी दोन्ही बाजूंना हाका मारत सुटलो. तिसऱ्या हाकेला वरच्या अंगाने ओ आली. गवत कापणारी एक बाई विळा हातात घेऊन उतरली. नाव बारकीबाई, वाडीतलीच. तिने आधी सुनंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हितं कशाला आलाव?"

मी म्हटलं, वाट चांगली रुंद होती.

"ढोरवाट हाय ती. ढोरांना कुठं पोचायचं असतंय? चरत फिरतात नि सांजला माघारी येतात."

कमरेच्या फडक्यातून तिने नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. तिचं दुपारचं जेवण ते. सुनंदाने संकोचून अर्धीच घेतली. बारकीबाईंनी उरलेली अर्धीही तिच्या हातात कोंबली. मग कापलेल्या गवताचा भारा तिथेच टाकून, सुनंदाचा दंड धरून, त्या आम्हाला आडवाटेने त्याच गवतात बुडालेल्या वाटेवर आणून उतरवू लागल्या. मी मागे चालत होतो आणि दर वळणाला सुनंदाची पावलं पाहत होतो. वाडीत पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. आकडा एकशे अठरा.

बदलापूरहून घरी येताना सुनंदा माझ्या खांद्यावर झोपली. तिने दहा वाजताच परत फिरू म्हटलं होतं. माझ्या हिशेबात वेळ होती, अंतर होतं, तिचं म्हणणं नव्हतं.

वाडीतून निघताना बारकीबाईंना भाऱ्याचे दीडशे दिले, तेवढेच त्यांनी घेतले. वाटेचे किती, विचारलं तर म्हणाल्या, "वाट काय मी केली?" भाकरीचे विचारायचा मला धीर झाला नाही.