पाणी देणारा माणूस

"आधी पाणी घ्या, मग बोलू."

मलकापुरातल्या आमच्या दवाखान्याच्या फाटकातून कोणीही आत आलं की पहिलं हे वाक्य कानावर पडायचं. उजव्या हातात स्टीलचा पेला, डावा हात उजव्या कोपराला लावलेला, आणि सोबत गुळाचा खडा. पेशंट असो नाहीतर पेशंटचा भांडायला आलेला मेहुणा असो, सुटका नव्हती. असे मेहुणे आले की बाकीचे दवाखाने पोलिसांना फोन करतात. आमच्याकडे गूळ-पाणी व्हायचं.

फाटकावरच्या या वॉचमनला आम्ही मेजर म्हणायचो. निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण आमच्या सातारा भागात सैन्यातून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही. मूळचे माणदेशातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले.

"आमच्याकडं दूध मागा, दोन तांबे दिऊ," ते सांगायचे. "पानी मागितलं की माझी आई एकदा घागरीकडं बगायची, मग पावण्याकडं. पर द्यायची. आन त्यानं पेला खाली ठिवल्याबिगर त्याचं गाव बी इचारायची न्हाई."

मेजर स्वतःही कोणाला काही विचारायचे नाहीत. पाणी द्यायचे, समोर जरा तिरके बसायचे आणि गप्प राहायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या गप्प बसण्याने आपलंच तोंड उघडतं. साखर वाढलेले एक गुरुजी डॉक्टरांना रोज शपथेवर सांगायचे, गोडाला शिवत नाही. मेजरांच्या केबिनमध्ये पाच मिनिटं बसले आणि पेढ्याच्या दुकानाचा पत्ता सांगून उठले. मग मी, म्हणजे तिथली नर्स नसीम, खोटं बोलणारा पेशंट आला की त्याला सरळ मेजरांकडे धाडू लागले. आम्ही हसायचोही त्यावर.

एका दुपारी मी स्वतःच तिथे पाणी प्यायला बसले आणि सांगून मोकळी झाले, की सासूबाई गेल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. उठले तेव्हा हलकं वाटलं. घरी पोचेपर्यंत मात्र कोणीतरी माझी पर्स उचकून, सगळं नीट परत ठेवून दिल्यासारखं वाटत राहिलं.

आणखी एक गोष्ट होती. मेजर कोणाच्या हातून पाणी घेत नसत. नळाखाली ओंजळ धरून प्यायचे. एकदा ते खोकून बेजार झाले, म्हणून मी गरम पाणी नेलं, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "राग मानू नका, सिस्टर. हातचं पानी मला चालत न्हाई."

आमचं घर मुलाण्यांचं. हे वाक्य मी लहानपणी एकदोन दारांत ऐकलं होतं, त्यामुळे चटका बसायचा तो बसलाच. त्यांच्या ते लक्षात आलं. "कुणाच्याच," ते घाईने म्हणाले. "सख्ख्या लेकीच्या बी न्हाई."

मग गंठणाचं प्रकरण झालं. ऑपरेशनला नेलेल्या एका बाईचं सोन्याचं गंठण हरवलं. तिचे कपडे बदलले होते आमच्या वॉर्डातल्या आया संगीताने, म्हणून सगळी बोटं तिच्याकडे वळली. नवऱ्यामागे एकटी राहणारी, अबोल बाई. आठ वर्षांत कोणाची साधी टाचणी तिने घेतली नव्हती. ती नुसती "न्हाई ओ, न्हाई ओ" करत होती. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत कबूल झाली तर ठीक, नाहीतर पोलीस.

मी धावत मेजरांकडे गेले. ते चटकन उठून उभे राहिले.

"मला या कामाला लावू नका, सिस्टर."

"नुसतं बोला तिच्याशी. सगळ्यांशी बोलता तसं."

तेव्हा त्यांनी सांगितलं. लढाईच्या दिवसांत ते डोंगरातल्या एका तळावर होते. पकडून आणलेल्या माणसांची चौकशी एका खोलीत चालायची. "दोघं मारायला हुती. ती दमली की मला आत धाडायचे. मी दोऱ्या सोडायचो, पानी पाजायचो. आईनं शिकवलं तसं. तितं नवीन काय बी लागत न्हाई सिस्टर, घरातलंच घिऊन जायाचं. मारणाऱ्याफुडं माणूस दगड हुतो. पानी देणाऱ्याला सांगतो."

"खरं सांगायचे?"

"कदी खरं. कदी मला बरं वाटावं म्हणून. डोळं दोन्ही येळंला सारखंच. एकानं गावाचं नाव सांगितलं. त्या गावात काय बी न्हवतं. पर ते कळंस्तवर आमची माणसं तितं जाऊन आली हुती."

अशा वेळी शहाण्या बाईने माघार घ्यावी. मी म्हणाले, "पोलिसांत गेली तर तिच्या अंगाला हात लागेल, मेजर."

त्यांनी गुळाचा डबा उचलला. "ती कबूल हुईल," ते म्हणाले. "तुमी ते खरं मानू नका. एवढं वचन द्या."

मी दिलं.

ड्रेसिंगच्या खोलीच्या दाराला काच आहे. तिच्यातून मी सगळं पाहिलं. मेजरांनी संगीताला गूळ-पाणी दिलं, तिरके बसले, गप्प राहिले. ती रडली. त्यांनी दुसरा पेला भरला, पण तो दिला नाही. टेबलावर आपल्या बाजूला ठेवला. ती बोलू लागली. ती "न्हाई" म्हणाली की पेला जागेवर राहायचा. ती थोडं पुढे सरली, काही सांगू लागली, की त्यांचं बोट पेला इंचभर तिच्याकडे सरकवायचं. मेजर तिच्या चेहऱ्याकडे मायेने बघत होते. आपलं बोट काय करतंय याचा त्यांना पत्ता नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. माझा हात दाराच्या मुठीवर गेला. तरी मी दार उघडलं नाही.

बाहेर येऊन संगीताने सगळं सांगितलं. गंठण निळ्या रुमालात बांधलं, जुन्या कोयना पुलावर गेले, मधल्या कमानीवरून खाली टाकलं. रुमालाच्या कोपऱ्याला फूल होतं, हेही सांगितलं. इतकं बारीक ऐकल्यावर कोण खोटं म्हणेल? मेजर माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं आणि दोन माणसं नदीकडे धाडली.

तिसऱ्या दिवशी पेशंटची नणंद ओशाळून आली. गंठण तिच्याच पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली होतं. सांभाळायला म्हणून तिनेच ठेवलं होतं आणि विसरली होती.

मी आणि मेजर तसेच संगीताच्या घरी गेलो. मी तिचे हात धरले, माफी मागितली, कामावर ये म्हणाले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग मी पुलावरनं टाकलं ते काय हुतं?" तिने विचारलं.

"काही नाही गं. तू टाकलंच नाहीस. तू त्या दिवशी पुलावर गेलीच नव्हतीस."

"आवं, पाण्यात पडल्याला आवाज आला की मला," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पक्की खात्री होती. मेजर भिंतीला टेकून खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून फाटकावरची केबिन रिकामी. आता तिथे एक नवा माणूस मोबाईल बघत बसतो आणि लोक थेट आत येऊन भांडतात. संगीताही कामावर आली नाही. डॉक्टर म्हणाले, मन दुखावलंय, येईल हळूहळू. वचन तर मी मोडलंच होतं, त्यामुळे मलाही तसंच मानणं सोयीचं होतं.

परवा मी रिक्षाने जुन्या पुलावरून चालले होते. मधल्या कमानीशी, कठड्याला धरून संगीता उभी दिसली. मी रिक्षा थांबवून उतरले. ती वाकून खाली बोट दाखवत होती. खाली मेजर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून कोयनेच्या पाण्यात उभे होते आणि दगडांमधला गाळ दोन्ही हातांनी चाचपत होते.

"मेजर!" मी ओरडले. "तिथे काही नाही! तुम्हाला ठाऊक आहे!"

त्यांनी वर पाहिलं. "मीच टाकाय लावलं तिला, सिस्टर," ते म्हणाले. "ते मिळाल्याबिगर ती घरला जात न्हाई."

आणि ते पुन्हा वाकले. संगीताने माझ्या दंडावर हात ठेवला. पेशंटच्या नातेवाइकांची समजूत घालताना ठेवायची, अगदी तसाच.

"घावंल, सिस्टर," ती म्हणाली. "काल रुमाल घावलाय."