गव्हाचा अर्धा कट्टा

किराणा स्वस्त पडतो तो कुटुंबाला. एकट्या माणसाला तोच महाग पडतो, हे नवरा गेल्यावर पहिल्या काही महिन्यांतच माझ्या लक्षात आलं. तूरडाळीची पाच किलोची पिशवी किलोमागे स्वस्त असते, पण माझी संपायच्या आत तिला कीड लागते. तेलाचा मोठा डबा परवडतो, पण तळाशी जाईपर्यंत तेलाला वास येतो. लहान पाकिटं घ्यावीत तर डाळीपेक्षा प्लॅस्टिकचेच पैसे जास्त भरतोय असं वाटतं. मुलगी बंगळुरूहून फोनवर म्हणाली, "आई, घे ना लहान पाकीट. असा किती फरक पडतो?" फरक पडतो. तिच्या पगारात तो दिसत नाही, एवढंच.

माझं ऑफिस ठाण्याला नौपाड्यात आणि घर डोंबिवली पूर्वेला. या दोन टोकांच्या मध्ये काय कुठे घ्यायचं ते माझं ठरलेलं आहे. कोकम, भाजणी, मेतकूट नौपाड्यात, कारण तिथला माल ताजा असतो. साखर, पोहे, साबण मॉलमध्ये, पण पाकिटावरचं वजन वाचल्याशिवाय नाही. एक किलोचं म्हणून उचललेलं पाकीट बऱ्याचदा आठशे ग्रॅमचं निघतं आणि वर लाल अक्षरांत सूट लिहिलेली असते. भाजी डोंबिवलीत उतरल्यावर, मात्र पहिल्या गाडीवर कधीच नाही. स्टेशनपासून जितकं लांब चालत जावं तितका भाव उतरत जातो. ऑफिसातल्या बायका मला रेट विचारतात. सणावाराला घरी कुणी बोलावत नाही, रेट मात्र आठवणीने विचारतात.

एकटीला महाग पडण्यावर तोडगा निघाला तो समोरच्या दारातल्या वहिनींमुळे. वहिनी माझ्याहून बऱ्याच मोठ्या. महापालिकेच्या हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, आणि त्याही एकट्याच. मुलगा-सून दोन स्टेशनांवर दिव्याला भाड्याने राहायचे. एकदा जिन्यात माझ्या हातात तेलाचा मोठा डबा बघून त्या म्हणाल्या, "एवढं पिणार आहेस का?" मी म्हटलं, "अर्धं तुम्ही घ्या." त्यांनी घरात जाऊन कॅन आणला. तेव्हापासून आम्ही मोठं पाकीट घ्यायचो आणि अर्धं-अर्धं करायचो. डाळ, तेल, गूळ, कपड्यांच्या पावडरचा पुडा, सगळं.

वाटे करायची पद्धत वहिनींची. एकीने वाटे करायचे आणि दुसरीने आधी उचलायचं. म्हणजे वाटे करणारी आपोआप नीट करते. मी वजनकाट्यावर ग्रॅमपर्यंत जुळवायला बघायचे, तरी थोडं इकडेतिकडे व्हायचंच, आणि वहिनी बघायच्यासुद्धा नाहीत, हाताला लागेल ते उचलायच्या.

"अहो, बघून तरी घ्या."

"काय बघायचं? नर्सच्या हाताला वजन कळतं."

"मग हे कमी आहे ते कळलं नाही?"

"कळलं की. तुझी पोळी जाड असते, तुला जास्त लागतं."

हे सगळं आटोपायला अर्धा तास पुरेसा होता. आम्हाला दीड-दोन तास लागायचे. चहा व्हायचा, टीव्हीवरच्या बातम्या व्हायच्या, खालच्या मजल्यावरच्या भांडणाचा निकाल लागायचा. नुसतं गप्पा मारायला मी कुणाकडे जात नाही, मला ते जमत नाही. डाळ वाटायला जाता येतं.

यातलं सगळ्यात मोठं काम एप्रिलच्या शेवटी असायचं, वर्षाच्या गव्हाचं. त्यासाठी आम्ही कल्याणच्या घाऊक बाजारात जायचो. तिथे भाव चांगला, पण पूर्ण कट्टा घ्यावा लागतो, म्हणजे तीस किलो. वहिनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा गहू वर काढायच्या, दोन दाणे दाताखाली फोडायच्या आणि व्यापाऱ्याला म्हणायच्या, "वरचा लोकवन आणि खालचा कुठला?" तो हात जोडायचा. मग टेंपोने कट्टा घरी, दोन दिवस गच्चीवर ऊन, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून अर्धा माझ्या पिंपात आणि अर्धा त्यांच्या.

यंदा होळीनंतर वहिनींनी जिन्यातच सांगितलं.

"मुलगा म्हणतोय, आता आमच्याकडे चल. तिथेच दिव्यात फ्लॅट घेतलाय त्याने."

"दिव्याला पाणी कुठे येतं?"

"टँकर येतो म्हणे."

"टँकरचं पाणी पिणार तुम्ही? जन्म हॉस्पिटलात काढून?"

"उकळून पिईन. अगं, माझे गुडघे बघ. तीन जिने आता होत नाहीत. तिथे लिफ्ट आहे."

"लिफ्टला वीज लागते."

"तू आणि तुझे मुद्दे," म्हणून वहिनी हसल्या आणि कठडा धरून वर चढू लागल्या. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या. लिफ्टचा मुद्दा त्यांचा बरोबर होता.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना बाजार लांब पडेल हे सांगितलं, रिक्षा मिळत नाही हे सांगितलं, भाडेकरू घराची वाट लावतात हेही सांगितलं. तुम्ही जाऊ नका, एवढंच सांगितलं नाही. शेवटी विचारलं, "मग गव्हाचं काय?"

"तू आण की. मध्ये एक कोपर स्टेशन, मग दिवाच आहे. माझा अर्धा धर. मी येऊन थोडा थोडा नेत जाईन."

तेवढ्यावर मी निश्चिंत झाले. पंधरा किलो गहू काही त्या एकदम नेणार नव्हत्या. वाटा चालू राहिला म्हणजे येणंजाणं चालू राहणार.

त्या गेल्या. समोर एक नोकरी करणारं जोडपं आलं. चांगली मुलं आहेत, दिसली की हसतात. त्यांच्या दाराशी रोज कागदी पिशव्या येऊन पडतात. मी एकदा विचारून पाहिलं, तेल अर्धं-अर्धं करायचं का. ती मुलगी गोंधळली. म्हणाली, "आंटी, तुम्हाला तेल हवंय का? मी मागवून देऊ?" मी नको म्हटलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी कल्याणला एकटी गेले. व्यापाऱ्याने विचारलं, "दुसऱ्या बाई कुठे?" मी म्हटलं, "गुडघे दुखतायत." तो म्हणाला, "एकट्याच असाल तर दहा किलो सुटा देतो. किलोमागे थोडे जास्त पडतील." मी कट्टाच घेतला. पोत्यात हात घातला, दाणेही फोडले. त्यातून मला नक्की काय कळायला हवं होतं ते माहीत नाही. गहू चांगला निघाला. वाळवला, पाला घातला, वाटे केले. उचलायला समोर कुणी नव्हतं, म्हणून डावीकडचा माझा धरला आणि उजवीकडचा वहिनींच्या नावाने दुसऱ्या पिंपात भरून हॉलमध्ये ठेवला. हॉलमध्ये पीप बरं दिसत नाही, पण दाराजवळ असलेलं बरं. न्यायला सोपं.

वहिनी फोनवर म्हणायच्या, "येते गं पुढच्या रविवारी." दोन-तीन रविवार गेले. मी ओळखलं की गुडघे, जिने आणि गर्दी यांतून त्यांचं येणं होणार नाही. म्हटलं, आपणच जावं. त्यांच्या वाट्यातला पाच किलो गहू चक्कीवर उभं राहून दळून घेतला, कारण आधीचं बाजरीचं पीठ त्यात मिसळलेलं मला चालत नाही. बुद्धपौर्णिमेला ऑफिसला सुट्टी होती. पीठ गरम होतं तेवढ्यातच निघाले.

दिव्यातली त्यांची इमारत स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ, गल्लीच्या दोन्ही बाजूंना अशाच इमारती. लिफ्ट चालू होती. सुनेने दार उघडलं. हातातली पिशवी बघून म्हणाली, "अय्या काकू, एवढं ओझं कशाला आणलंत? दहा मिनिटांत येतं हो इथे सगळं."

"हे आईंचंच आहे. त्यांच्या वाट्याचं."

"कसला वाटा?" तिने विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं केलंत. बसा ना."

तिने खीर दिली. खीर चांगली होती. पिठाची पिशवी तिने ओट्याखाली ठेवायला नेली तेव्हा तिथे पिठाचं तयार पाकीट उघडं होतं, आणि शेजारी एक न उघडलेलंही. वहिनी सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी मोठ्याने विचारलं, "काय रेट लागला गं यंदा?" मी सांगितला. "बाप रे! आणि तू दिलास?" "घासाघीस केली." "माझ्यासमोर नसता सांगितला त्याने एवढा," असं म्हणून त्या खूश झाल्या, आणि आम्ही थोडा वेळ व्यापाऱ्याला नावं ठेवली.

सून मीटिंग आहे म्हणून लॅपटॉप घेऊन आत गेली. दार लागल्यावर वहिनींचा आवाज उतरला.

"पुढच्या वर्षी माझा अर्धा धरू नकोस."

"का? लागत नाही का इथे पीठ?"

"लागतं. पण स्वयंपाकघर तिचं आहे. ती वाईट नाही गं, काही बोलत नाही. मीच आत जात नाही. परवा चहा ठेवायला गेले तर साखर सापडेना. विचारायचा कंटाळा आला, बिनसाखरेचा प्यायले."

"हॉलमध्ये अजून दहा किलो आहे तुमचा."

"तू खा."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मुद्दा काढला असता तर त्यांनी खोडला नसता, नुसतं ऐकून घेतलं असतं. ते मला नको होतं.

निघताना वहिनी लिफ्टने माझ्याबरोबर खाली आल्या. मी नको म्हणत होते. गेटबाहेर एक आगरी बाई गोणपाटावर भेंडी घेऊन बसली होती. वहिनी थांबल्या. "कशी दिली?" त्यांनी विचारलं. बाईने भाव सांगितला. डोंबिवलीपेक्षा तो जास्तच होता, ते आम्हा दोघींनाही कळलं. वहिनींनी वाकून एक भेंडी उचलली, शेंडा मोडून पाहिला, बाजूला ठेवली. मग दुसरी.

"तुम्हाला हवीय का?" मी विचारलं.

"छे. तिने कालच मागवलीय. घरात आहे." तिसरीचा शेंडा मोडला. "तुला नकोय का?"

"पाव किलो द्या," मी बाईला सांगितलं. बाईने तागडी उचलली. वहिनींनी तिचा हात अडवला.

"तू नको भरूस. मी निवडते."

"काय गो आजी, सगली भेंडी मोरून ठेवशील काय?"

"मोडली तर घेणारच आहे ना ती. गप बस."

वहिनी कशाबशा खाली बसल्या. त्या गुडघ्यांनी त्यांनी बसायला नको होतं, आणि उठवायला मलाच दोन्ही हात द्यावे लागणार होते. त्या एकेक भेंडी उचलत, बोटांनी दाबत, शेंडा मोडत राहिल्या. कोवळी निघाली की पारड्यात टाकायच्या, जून निघाली की बाईकडे बघून नाक मुरडायच्या. बाई तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती आणि वहिनी तिला उत्तरं देत होत्या. पाव किलो केव्हाच झाली होती. तागडी भेंडीच्या बाजूला झुकलेली मला दिसत होती.

"अर्धा किलो करा," मी म्हटलं.

भाव कमी करायला मी सांगितलं नाही. घरी येऊन भेंडी धुऊन पसरून ठेवली. तीन दिवस दोन्ही वेळा तीच खाल्ली. त्यात एकही जून निघाली नाही.