तीनदा पुकारलं

"आधी नाव सांग. मग बापाचं नाव. मग गाव. त्यानंतर तुझं मत."

हे म्हणताना मामा उजवा हात कानामागे धरत आणि मान जराशी तिरपी करत, जणू समोरचा माणूस व्हरांड्याच्या पार टोकाला उभा आहे. समोरचा बहुधा हातभर अंतरावर असे. आयुष्यभर ते कोर्टात डवाली होते, म्हणजे छातीवर पट्टा आणि पितळी बिल्ला लावून, न्यायाधीशांच्या दाराबाहेर उभं राहून पक्षकारांची नावं पुकारणारे. प्रत्येक नाव तीनदा. तिसऱ्या हाकेलाही कोणी आलं नाही तर आत जाऊन सांगायचं, "हजर नाही." निवृत्त झाल्यावर बिल्ला परत द्यावा लागला. हाक तेवढी त्यांच्याकडे राहिली.

सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांच्या मुलीनं तशी गळ घातली आहे. बिननावाच्या माणसाचा ज्यांना एवढा तिटकारा, त्यांच्याबद्दल नाव गाळून लिहायचं, याचा मला राग येतो. या आठवणींत असे राग बरेच आहेत. मी ते मऊ करायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मी तंजावरजवळच्या ओरत्तनाडूचा. वडील शिंपी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. बी.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती तंजावरच्या एका ब्राउझिंग सेंटरमध्ये. इंटरनेट गावात नुकतं आलं होतं. प्लायवूडच्या छोट्या कॅबिन, प्रत्येकीत एक कॉम्प्युटर आणि अर्ध्या दाराआड एक माणूस. गल्ल्यावर मी. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण वाचायचो तमिळ. आज ज्या अक्षरांत हे लिहितो आहे ती मला मामांनी शिकवली, दुपारी गिऱ्हाईक नसताना, प्रिंटरमधून वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर. पहिला धडा अर्थात नाव, बापाचं नाव, गाव. वडिलांचं नाव मी त्या अक्षरांत लिहून घरी नेलं तेव्हा त्यांनी तो कागद शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवला. त्यांना तो वाचता येत नव्हता.

मामा आमच्याकडे प्रथम आले ते नातीच्या बारावीचा निकाल पाहायला. निकाल पाहून झाला, ती उत्तम पास झाली होती, तरी ते हलेनात. पडद्यावर एका इंग्रजी वर्तमानपत्राचं पान उघडं राहिलं होतं. बातमीखाली वाचकांनी आपापली मतं लिहिली होती.

"हे कोण बोलतात, तंबी?" तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं ते मला तंबी म्हणत.

"वाचक, मामा."

"कुणीही?"

"कुणीही."

"न्यायाधीश कोण?"

"कोणी नाही."

मामांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "तर मग मी बोलतो. लिही."

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी येत. गल्ल्याशेजारची प्लास्टिकची खुर्ची त्यांची. पण मत सांगायचं ते उभं राहून. इंग्रजी सगळं कोर्टातलं. सुरुवात ठरलेली, "अत्यंत नम्रपणे सादर करण्यात येते की," आणि पुढच्याच वाक्यात मंत्र्याची सालटी निघत. शिक्षण खात्यानं परीक्षेची पद्धत बदलली, मामा उभे. कोर्टात मोबाइल फोन आणायला बंदी, मामा उभे. कॉम्प्युटर व्हायरसनं जगभर गोंधळ घातल्याची बातमी आली तेव्हा ते सगळ्यात जास्त चिडले. व्हायरस म्हणजे काय हे त्यांना मी तीन तऱ्हांनी सांगितलं. त्यातलं त्यांना एवढंच समजलं की कोणीतरी तो लिहिला आणि खाली सही केली नाही.

"चोर सोडा. सही न करणारा पकडा. लिही."

त्यांची मतं कधी कधी साफ चुकीची असत. कोर्टातल्या खटल्यांच्या याद्या कॉम्प्युटरवर करायला त्यांचा कडाडून विरोध होता. कारण काय, तर यंत्राला घसा नाही. पण बरोबर असो की चूक, शेवटी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, घर क्रमांक, गल्ली, तंजावर. साइटवर नावासाठी एवढीशी चौकट होती. त्यात हे मावत नसे, म्हणून ते सगळं मतातच पुन्हा लिहावं लागे.

बाकीचे वाचक टोपणनावांनी लिहीत. 'डेल्टा टायगर', 'कोणी एक', 'तीप्पेट्टी'. तीप्पेट्टी म्हणजे तमिळमध्ये आगपेटी. यांपैकी कोणी मामांना उलट उत्तर दिलं की मामा खुर्चीतून उठत, हात कानामागे धरत आणि सेंटरमध्ये उभं राहून खणखणीत पुकारत, "डेल्टा टायगर! डेल्टा टायगर! डेल्टा टायगर!" कॅबिनीकॅबिनीत हसू फुटे. मामा जरा वाट पाहत आणि गंभीरपणे मला सांगत, "हजर नाही. एकतर्फी निकाल."

तिसऱ्या कॅबिनमध्ये रोज बसणारा एक गृहस्थ होता. तिरुवैयारूहून मोटरसायकलवर यायचा, हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचा. अर्ध्या दारावरून डोकं काढून म्हणायचा, "मामा, आवाज अजून कोर्टातलाच की."

"आवाज तोच. पक्षकार पळपुटे झाले."

तोही हसायचा. जाताना मामांना वाकून नमस्कार करायचा. मला तो आवडायचा.

मामांच्या नातीनं गावातल्या एका खासगी कॉम्प्युटर कॉलेजात प्रवेश घेतला होता. परदेशी विद्यापीठाची पदवी, अशी जाहिरात. मुलगी हुशार. दोन वर्षं झाल्यावर कुणीतरी सांगितलं की ही पदवी इथे कुठेच चालत नाही. तिनं विचारलं तर प्राचार्य म्हणाले, शिकायचं असेल तर शीक. तिनं कॉलेज सोडलं. कागद म्हणून हातात काहीच आलं नाही. त्याच सुमारास अशा कॉलेजांविरुद्ध कोर्टाच्या निकालाची बातमी आली. त्या संध्याकाळी मामांनी बटण लावलं नाही, हातही कानामागे नेला नाही. बसूनच सांगितलं. कॉलेजचं नाव, नातीनं काय भोगलं ते, आणि खाली स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, घर, गल्ली.

त्या मताखाली रांग लागली. शाब्बास म्हणणारे, आम्हीही फसलो म्हणणारे. तीप्पेट्टीनं लिहिलं होतं, "माझ्या बहिणीनं तिथला कोर्स पूर्ण केला. तिचा दाखला माझ्या कपाटात आहे. सर, तुम्ही पुढे व्हा. वेळ आली तर तो दाखला घेऊन मी कोर्टात उभा राहीन." मामांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. "हा माणूस आहे," ते म्हणाले. "नाव नाही त्याला, पण माणूस आहे."

महिन्याभरात कॉलेजच्या वकिलाची नोटीस आली. बदनामी केली, लेखी माफी मागा, नाहीतर खटला. नोटीस एकट्या मामांना आली. दुसऱ्या कोणाला पाठवणार? पत्ता एकट्याचाच होता.

तुम्हीही बातम्यांखाली लिहीत असाल. मीही लिहितो. म्हणून हे नीट पाहा. त्या पानावर कॉलेजला शिव्या देणारे कितीतरी होते. पोस्टमननं दार फक्त एकाचं वाजवलं.

मामांच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, "नात मध्येच सोडून आली, तिच्या बोलण्याला ते नापास मुलीची चिडचिड म्हणतील. कोर्स पूर्ण केलेल्या एकाचा तरी दाखला आणा. एक आणा, मी लढतो."

त्या संध्याकाळी सेंटर भरलेलं होतं. मामांनी मला पानावर लिहायला सांगितलं की नोटीस आली आहे, दाखल्याची गरज आहे, घरी या किंवा इथे या. पत्ता पुन्हा दिला. मग उठले. मला वाटलं नेहमीची गंमत. पण आज त्यांनी आधी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मग हात कानामागे नेला.

"तीप्पेट्टी!"

कोणी हसलं नाही.

"तीप्पेट्टी!"

कीबोर्ड थांबले.

तिसरी हाक त्यांनी तमिळ लोक घरच्या माणसाला हाक मारतात तशी लांबवून मारली. मला "हजर नाही" असं सांगितलं नाही. छत्री घेतली आणि गेले.

रोज ते पान मी उघडून पाहत होतो. कोणी लिहिलं नाही. ज्यांनी पुढे व्हा म्हटलं होतं त्यांच्यापैकी एकानंही. नोटिशीची मुदत संपत आली तशी मामांची मुलगी रडू लागली. "अप्पा, घर तेवढं आहे आपल्याला. पोरीचं लग्न व्हायचंय. तिचं नाव कोर्टात नको पुकारायला." तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींची नावं पुकारलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

माफी त्यांनी त्याच पानावर मलाच टंकायला लावली. चार ओळी. खाली सगळं पूर्ण, नाव, वडिलांचं नाव, घर, गल्ली.

मी म्हणालो, "मामा, इथे तरी नुसतं नाव असू द्या."

"कां? माफी काय चोरून मागायची, तंबी?"

माफीखाली मात्र लगेच मतं आली. 'डेल्टा टायगर' म्हणाला, म्हातारा घाबरला. तीप्पेट्टीनं लिहिलं, "किती घेतले, सर?"

ते मी मामांना दाखवलं नाही. पण ते मी न दाखवताच त्यांनी वाचलं, माझ्या खांद्यावरून. त्यानंतर ते सेंटरमध्ये आले नाहीत. शिकवायलाही नाहीत. मी त्यांच्या घरी जात असे तेव्हा ते मला ओट्यावर बसवून वाचून घेत आणि जोडाक्षर चुकलं तर थांबवत. बातम्यांबद्दल मी बोललो तर ऐकू येत नाही असं दाखवत. पावसाळ्याच्या शेवटी ते गेले.

नंतर एका संध्याकाळी तिसऱ्या कॅबिनमधून हाक आली. "सार, जरा बघता का? मत जात नाही." मी अर्ध्या दारातून वाकलो. हेल्मेट मांडीवर होतं. पडद्यावर कसल्याशा शिक्षणाच्या बातमीखाली त्यानं लिहिलं होतं, "आपल्या लोकांत खरं बोलायची हिंमतच उरलेली नाही." वर नावाच्या चौकटीत होतं, तीप्पेट्टी.

मी गल्ल्यावर परत आलो. मी हात कानामागे धरला. मला मामांचा आवाज नाही, पण जेवढा होता तेवढा लावला.

पहिल्या हाकेला कीबोर्ड थांबले. दुसऱ्या हाकेला तिसऱ्या कॅबिनमध्ये खुर्ची सरकली. तिसरी हाक मी पूर्ण करण्याआधी दार उघडलं.

तो बाहेर आला आणि कोर्टात उभे राहतात तसा, हात समोर बांधून उभा राहिला. मी विचारलं नव्हतं. त्यानं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. तिरुवैयारू म्हणाला.

"बहीण त्याच दाखल्यावर नोकरी करत होती, सार. कोर्टात दाखवला असता तर तो चालत नाही हे कळून तिची नोकरी गेली असती."

हे कारण खरं असेल. मला ते आजही पटतं, आणि आजही माझा राग जात नाही. घाबरायला कारण मामांनाही होतं. आणि 'किती घेतले' हे विचारायला कुठल्या बहिणीची नोकरी आड येत होती?

तो गल्ल्याशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे पाहत होता. तिच्यावर मी आता प्रिंटरचे कागद ठेवत असे.

"मामा हल्ली दिसत नाहीत," तो म्हणाला. "त्यांना सांगायचं होतं."

"हजर नाहीत," मी म्हणालो.