हॅकिंगच्या सिनेमाला गेलेली आमची बॅच

नव्वदच्या दशकात काही काळ मी डोंबिवली पूर्वेला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. शिकवायचो म्हणजे, सहा महिने आधी मी त्याच क्लासमध्ये शिकलेलो, आणि तिथल्या सरांना आखातात नोकरी लागल्यावर मालकांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलेलं. मी टाय लावायचो, चपला बाहेर काढून मोज्यांवर एसीच्या खोलीत शिरायचो आणि कुणी अवघड प्रश्न विचारला की म्हणायचो, "ते पुढच्या सेमिस्टरला आहे." आमच्या क्लासला पुढचं सेमिस्टर नव्हतंच.

त्या बॅचला चौदा जण होते. तेरा बारावी झालेली पोरंपोरी आणि एक चाळिशीच्या बाई. त्या कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गावातल्या, आगरी घरातल्या. भातशेती बिल्डरला देऊन त्यांच्या यजमानांनी वाळू-सिमेंटचा धंदा टाकला होता आणि ऑफिसात शोभेला एक कॉम्प्युटर आणला होता. त्याच्यावर कायम टॉवेल असायचा. घरात कुणीच त्याला हात लावेना म्हणून बाई शिकायला आल्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला मास्तर म्हणायच्या.

एक दिवस मालकांनी पेपरातली सिनेमाची जाहिरात माझ्यासमोर धरली. हॉलिवूडचा पिक्चर, हिंदीत डब केलेला. हीरोच्या मागे आग आणि पुढे कीबोर्ड.

"सर, हे आपल्याच लाइनीतलं आहे," मालक म्हणाले. "ठाण्याला लागलाय. बॅचला घेऊन जा. मध्यंतरात जरा समजावून सांगा त्यांना, हॅकिंग म्हणजे काय ते."

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण वर्गात सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "हॅकिंग ना, कॉलेजात असताना आम्ही थोडंफार केलेलं." कॉलेजात कॉम्प्युटर मी एकदाच पाहिलेला, तोही काचेपलीकडून, आणि तो बंद होता.

रविवारी ताईंनी घरचा टेम्पो आणला. मी नेमकी पांढरी पँट घातलेली. मुंब्र्यावरून ठाण्याला पोचेपर्यंत ती मागच्या बाजूने सिमेंटच्या रंगाची झाली. थिएटरात शिरताना पोरं माझ्या मागून चालत होती आणि हसत होती. मला वाटलं, सिनेमाचा उत्साह आहे.

सिनेमा सुरू झाला. हीरो हे जगातलं सर्वांत हुशार डोकं होतं, असं त्याच्याबद्दल चार वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, कारण त्याच्याकडे बघून ते कळत नव्हतं. त्याचा चेहरा एकच होता, दाढ दुखत असल्यासारखा. बाप मेला तेव्हा तोच, हिरॉइन भेटली तेव्हाही तोच. तो बोटं अशी नाचवायचा की आमच्या बॅचमधल्या, टायपिंगचा क्लास केलेल्या पोरी सावरून बसल्या. दहा सेकंदांत पडद्यावर हिरवे आकडे धबधब्यासारखे पडायचे, मग तो म्हणायचा, "मैं अंदर घुस गया हूँ," आणि दुसऱ्या शहरात एक पोलादी दार आपोआप उघडायचं. हिरॉइन त्याच्या खुर्चीमागे उभी राहून "जल्दी करो" म्हणायची. तिला सबंध सिनेमात एवढंच काम होतं. त्यातल्या त्यात व्हिलन बरा. तो म्हातारा नट प्रत्येक प्रसंगात घरी जायची घाई असल्यासारखा बोलायचा आणि त्यामुळे खरा वाटायचा.

मध्यंतरात सगळी बॅच माझ्याभोवती जमली. मी समोसा हातात घेऊन फायरवॉलबद्दल बोलायला लागलो. हा शब्द मी पाऊण तासापूर्वी त्याच सिनेमात पहिल्यांदा ऐकला होता. मी सांगितलं की तो एक जाड पत्रा असतो आणि तो कॉम्प्युटरच्या आत बसवतात.

पोरांनी मान डोलावली. ताईंनी विचारलं, "मास्तर, यानं एकदा पन ती लांब पट्टी दाबली नाय. मंग शब्द सुटे व्हतान कशे?"

त्या स्पेस बारबद्दल बोलत होत्या. मी म्हटलं, "ताई, ती ॲडव्हान्स पद्धत आहे."

"आनि चूक पन व्हत नाय त्याची?"

"सवयीने नाही होत."

"बरा हाय," त्या म्हणाल्या आणि समोसा खाऊ लागल्या.

उत्तरार्धात व्हिलनने व्हायरस सोडला आणि एका ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर फटाक्यांच्या माळेसारखे फुटले. पुढच्या रांगेतल्यांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी हीरोने मोटारसायकलवर बसून, एका हाताने टाइप करत, शहराची वीज वाचवली. मला सिनेमा अजिबात आवडला नाही. पण परतताना टेम्पोत मी म्हटलं, "टेक्निकली करेक्ट आहे."

त्याची किंमत मंगळवारी मोजावी लागली. पोरं म्हणाली, "सर, थोडंसं करून दाखवा ना." मी आधी आढेवेढे घेतले आणि मग, कुणी फार आग्रह न करताच, तयार झालो.

माझा बेत साधा होता. पुढच्या मशीनवर एका डिरेक्टरीत, म्हणजे आजच्या भाषेत फोल्डरमध्ये, मी टाकाऊ फाइली भरून ठेवल्या होत्या. त्या व्हिलनच्या आहेत असं सांगायचं, झपाझप टाइप करून त्या डिरेक्टरीत शिरायचं आणि सगळ्या उडवायच्या. त्याच मशीनवर सकाळी मी सगळ्या बॅचच्या परीक्षेच्या फाइली एकत्र केल्या होत्या. प्रत्येकाने एक अर्ज टाइप करून स्वतःच्या नावाने सेव्ह केला होता. गुरुवारी बाहेरून परीक्षक येणार होते.

मी बाह्या वर केल्या. हीरो कीबोर्डकडे बघायचा नाही, म्हणून मीही बघितलं नाही. पण तो निदान पडद्याकडे बघायचा. मी बघत होतो पोरांकडे. डिरेक्टरी बदलायची कमांड मी चुकीची टाइप केली. अशी डिरेक्टरी नाही, असं मशीनने निमूट लिहून दाखवलं. मी सगळं उडवायची कमांड दिली. सगळ्या फाइली जातील, नक्की का, असं त्याने विचारलं. मी हात उंचावरून आणून वाय दाबला.

"गेला व्हिलन," मी म्हटलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताई पुढे वाकून पडद्यावर वर राहिलेली फाइलींची यादी बघत होत्या. "मास्तर, त्याच्यात आमची नावा व्हती काय?"

मी पडद्याकडे बघितलं. मी त्या डिरेक्टरीत शिरलोच नव्हतो; उडाल्या होत्या त्या बाहेरच्या, परीक्षेच्या फाइली. टाळ्या हळूहळू थांबल्या. कुणीतरी विचारलं, "सर, हे पण सिनेमातलंच आहे का?"

मी म्हटलं, "नाही. हे माझ्याकडून झालंय."

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती, ती पुस्तकात वाचलेली. उडवलेली फाइल लगेच पुसली जात नाही. तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं जातं, आणि त्या जागी दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर ती परत आणता येते. तशी कमांड होती. मी एकेक अक्षर बघून ती टाइप केली. पडद्यावर आमची बॅच आली, प्रत्येक नावाच्या डोक्याच्या जागी प्रश्नचिन्ह. मशीन विचारत होतं, पहिलं अक्षर कोणतं?

आणि मला कुणाचंच नाव धड येत नव्हतं. तीन महिने मी त्यांना "ए तीन नंबर", "ए खिडकीजवळचा" अशाच हाका मारलेल्या. एका नावाचा उरलेला भाग तर तिघींना लागू पडत होता.

ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "ही त्या चष्मेवालीची. तिचा के. ही दुसरी, एस. तो पोरगा खिडकीजवलचा, व्ही." त्यांना सगळ्यांची नावं ठाऊक होती. कोण कुठून येतं, कुणाचा डबा कोण खातं, तेही ठाऊक होतं. त्या सांगत गेल्या, मी अक्षर दाबत गेलो. बारा फाइली परत आल्या. दोन आल्याच नाहीत. त्यातली एक ताईंची होती.

मी म्हटलं, "ताई, मी टाइप करून देतो."

"नको. मीच करतंय."

त्यांचा अर्ज महापालिकेला होता, गावात पाणी येत नाही म्हणून. दोन बोटांनी, न थांबता, त्यांनी तो परत लिहिला. मी वाचला तर पहिल्यापेक्षा छोटा होता. प्रशासनाच्या कार्यक्षमतेबद्दलचा मी सांगितलेला परिच्छेद त्यात नव्हता.

"तो नाय घातला," त्या म्हणाल्या. "त्याच्यात पान्याचा काय व्हता?"

गुरुवारी परीक्षक आले, चहा प्यायले, सगळे पास झाले. ताईंनी अर्जाची प्रिंट मागून घेतली आणि खरोखरच महापालिकेत नेऊन दिली. पाणी आलं की नाही, मला कळलं नाही.

मालकांना मात्र सगळं कळलं. एका पोराने कौतुकानेच सांगितलं होतं. मी नोकरी गेली असं धरून चाललो होतो. मालकांनी थोडा विचार केला आणि बाहेरच्या बोर्डावर एक ओळ रंगवून घेतली, "गेलेल्या फाइली परत मिळतील."

दोन आठवड्यांनी कल्याणहून एका औषधांच्या दुकानदाराचा फोन आला. मालकांनी मला धाडलं. दुकानाच्या माळ्यावर कॉम्प्युटर होता. त्यातली डिस्क करकर वाजत होती आणि काहीच उघडत नव्हतं. साठीचे दुकानदार आणि त्यांची सून माझ्या मागे उभे होते. मी दोन-तीन कमांड दिल्या. मग हात मांडीवर ठेवले.

"मला हे येत नाही," मी म्हटलं. "डिस्कच बिघडली असावी. मशीन दुरुस्त करणारा माणूस लागेल."

ते रागावतील असं वाटलेलं. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. मग म्हणाले, "आलाच आहात तर दुसऱ्या मशीनचा प्रिंटर बघता का? ओळी तिरक्या येतात."

बघितलं. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांब कागद एका बाजूला एक भोक सोडून लावलेला होता. मी तो काढून नीट लावला.